रतनगड–हरिश्चंद्रगड ट्रेक: पाण्याचा फिल्टर कोणता घ्यायचा? (सोसायटी ग्रुपवरची चर्चा)

ऋतुजा (सी-५०४): ट्रेकवाल्यांसाठी. डिसेंबरचा बेत पक्का. रतनवाडी, रतनगड, कात्राबाई खिंड, कुमशेत, पाचनई, हरिश्चंद्रगड. आपण आठ जण, दोन मुक्काम. बाटल्यांचे बॉक्स कोणी पाठीवर घेणार नाही, पाणी वाटेत मिळेल तिथेच भरायचं. फिल्टर सगळ्यांच्या वर्गणीतून घ्यायचाय. कोणता घ्यावा सांगा. नुसत्या लिंका टाकू नका, कारण लिहा.

नेने काका (ए-३०१): फिल्टर नंतर. आधी टीडीएस मीटर न्या. माझा घेऊन जा, खिशात मावतो. १५० च्या आत आकडा आला की बिनधास्त प्या.

ओंकार (डी-१०३): काका, गडावरच्या टाक्यात पावसाचं पाणी. टीडीएस कमीच दाखवणार.

नेने काका (ए-३०१): मग झालं की. शुद्ध आहे.

डॉ. मीनल (बी-२०२): नाही हो काका. टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार. जंतू विरघळत नाहीत, मीटरला ते दिसतच नाहीत. त्याच टाक्यात कोणी पाय धुतले, ताटं विसळली, तरी तुमचा आकडा जवळजवळ जागचा हलणार नाही. उलट एखाद्या बोअरचं पाणी ९०० दाखवेल आणि जंतूंच्या दृष्टीने चांगलं असेल. चवीला मचूळ, इतकंच.

नेने काका (ए-३०१): आरओवाला दर वेळी मीटर लावूनच दाखवतो.

डॉ. मीनल (बी-२०२): त्याला आरओ विकायचा असतो.

शिंदे काकू (बी-४०४): तांब्याची बाटली न्या प्रत्येकाने. रात्रभर ठेवलं की जंतू मरतात, विज्ञानानेही मान्य केलंय.

डॉ. मीनल (बी-२०२): काकू, तांब्यात बॅक्टेरिया मरतात हे खरं, पण त्याला दहा-बारा तास आणि वर लागतात. खिंड चढून आलेला माणूस तेवढा वेळ थांबणार नाही.

ओंकार (डी-१०३): बाजारात काय आहे ते सांगतो.
एक, लाइफस्ट्रॉसारखी नळी. तोंडाला लावायची आणि ओढायचं.
दोन, सॉयर स्क्वीझ किंवा कॅटाडिन बीफ्री. पिशवीत कच्चं पाणी भरायचं, पुढे फिल्टर, पिशवी दाबायची.
तीन, ग्रेल जिओप्रेस. कॉफीच्या प्रेससारखी बाटली, वरून दाबायची.
चार, स्टेरिपेनसारखी यूव्हीची, म्हणजे अतिनील किरणांची कांडी.
पाच, क्लोरीनच्या गोळ्या.
माझं मत सॉयर स्क्वीझला. ०.१ मायक्रॉनची छिद्रं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), वजन शंभर ग्रॅमच्या आत, पुन्हा पुन्हा धुता येतो. नळी तर अजिबात नको. टाक्यावर पालथं पडून पाणी प्यायचं, आणि बाटली भरता येत नाही. भात काय नळीने ओढून शिजवणार?

प्रथमेश (ए-६०२): पण नळी स्वस्त आहे. आठ घेतल्या तरी परवडतात.

ओंकार (डी-१०३): आणि आठ जण टाक्याच्या काठावर रांगेत पालथे. फोटो चांगला येईल.

पाटील (सेक्रेटरी): सूचना: उद्या सी विंगच्या वरच्या टाकीची सफाई आहे. स. १० ते दु. ४ पाणी बंद. कृपया भरून ठेवावे. तसेच हा ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे.

ऋतुजा (सी-५०४): पाटील काका, आठातले सहा जण कमिटीत आहेत.

पाटील (सेक्रेटरी): चालू द्या.

डॉ. मीनल (बी-२०२): ओंकार, तुझ्या निवडीत एक भोक आहे, आणि ते ०.१ मायक्रॉनचं आहे. त्यातून बॅक्टेरिया अडतात. जिआर्डिया, क्रिप्टोस्पोरिडियम हे जुलाब करणारे एकपेशी जीव तर आकाराने मोठे, तेही अडतात. विषाणू अडत नाहीत. नोरोव्हायरस, हेपॅटायटीस ए, हेपॅटायटीस ई हे सगळे ०.०३ मायक्रॉनच्या आसपासचे, सरळ आरपार जातात.

ओंकार (डी-१०३): पण ताई, अमेरिकेत लोक महिनोन्‌महिने याच फिल्टरवर चालतात.

डॉ. मीनल (बी-२०२): कारण तिकडच्या रानातल्या ओढ्यांच्या वर सहसा माणसांची वस्ती नसते. जिआर्डिया प्राण्यांकडून येऊ शकतो, त्याला तो फिल्टर पुरतो. हे विषाणू मुख्यतः माणसाच्या मैल्यातून येतात. आपल्या गडांवर शनिवार-रविवारी किती माणसं असतात आणि सकाळी ती कुठे जातात, हे तू मला सांगायची गरज नाही. टाकं उताराच्या खाली असलं की पुढचं गणित कळतंच. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली होती, ती हेपॅटायटीस ईची, पिण्याच्या पाण्यातून. आणि आपल्याच सिंहगड रोडवर २०२५ च्या जानेवारीत जीबीएस (गुलियन-बारे, नसांचा आजार) झालं तेव्हा काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर सापडला, काहींत नोरोव्हायरस. पहिला बॅक्टेरिया, तुझा फिल्टर त्याला अडवेल. दुसरा विषाणू, तो निसटेल.

शिंदे काकू (बी-४०४): आई गं, त्या महिन्यात आम्ही गाळून, उकळून, परत गाळून पीत होतो.

नेने काका (ए-३०१): मग सरळ उकळा ना.

ऋतुजा (सी-५०४): आठ जणांचं पिण्याचं पाणी दिवसाला तीस लिटरच्या पुढे जातं, काका. तेवढं उकळायला गॅसची नळकांडी किती न्यायची? आणि लाकडं तोडून चूल नको. सगळा पट्टा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे.

डॉ. मीनल (बी-२०२): उकळणं सगळ्यात खात्रीचं हे मात्र खरं. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरतं. दोन हजार मीटरच्या वर तीन मिनिटं सांगतात, आपला गड चौदाशेच्या घरात आहे. म्हणजे चहा, भात, पिठलं यांचं पाणी आपोआप सुरक्षित होतं, त्याला वेगळं काही करायला नको. प्रश्न फक्त गार पिण्याच्या पाण्याचा.

प्रथमेश (ए-६०२): मग ग्रेल घ्या ना. तो विषाणूपण काढतो असं लिहिलंय.

ओंकार (डी-१०३): काढतो. पण एका दाबात ७१० मिली, वजन साडेचारशे ग्रॅम, आणि दाबायला अंगाचा भार टाकावा लागतो. तीस लिटरला चाळीसपेक्षा जास्त वेळा दाबायचं. एकट्या माणसाला झकास वस्तू आहे. आठांत पहिल्याच संध्याकाळी भांडण होईल कोण दाबणार म्हणून. शिवाय कार्ट्रिज भरत आलं की आणखी जड जातं, आणि ते धुता येत नाही, बदलावंच लागतं.

ऋतुजा (सी-५०४): यूव्ही?

ओंकार (डी-१०३): लिटरला दीड मिनिट, विषाणूही मरतात. पण पाणी नितळ पाहिजे. गढूळ असेल तर कणांच्या सावलीत जंतू वाचतात. आणि बॅटरी गेली की हातात उरते कांडी.

जाधव आजोबा (ए-१०२): मी ग्रामसेवक होतो, अकोले तालुक्यातही नोकरी झाली. दोन शब्द बोलू का?

ऋतुजा (सी-५०४): आजोबा, तुमचीच वाट बघत होते.

जाधव आजोबा (ए-१०२): गावाच्या विहिरीत टीसीएल, म्हणजे क्लोरीनची ब्लीचिंग पावडर टाकतात. टाकली की नाही हे ओटी टेस्टने कळतं. पाण्याच्या नमुन्यात औषधाचे थेंब टाकायचे, पिवळा रंग आला म्हणजे पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे. तुम्ही कुमशेतला किंवा पाचनईला पोचलात की आधी ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक कोण ते विचारा आणि टीसीएल कधी टाकलं ते विचारा. टाकलेलं असेल तर तिथलं पाणी गडावरच्या टाक्यापेक्षा कधीही बरं. पोरं काय करतात, गावातलं पाणी 'साधं' म्हणून सोडतात आणि वरचं 'नैसर्गिक' म्हणून पितात.

डॉ. मीनल (बी-२०२): हे सोन्यासारखं बोललात.

जाधव आजोबा (ए-१०२): दुसरं. आधी फडक्याने गाळा. आमच्या लहानपणी नारू होता, पायातून दोऱ्यासारखा जंत निघायचा. पायऱ्यांच्या विहिरीत माणसं पाय बुडवून पाणी भरायची, तिथून तो पसरायचा. पाणी गाळून प्यायची सवय लागली, पायविहिरी बंद केल्या, आणि गेला. २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. त्याला लस नव्हती, गोळी नव्हती, फडकं होतं.

डॉ. मीनल (बी-२०२): आणि बांगलादेशात जुन्या सुती साडीच्या घड्या करून पाणी गाळायला लावलं तर कॉलरा जवळजवळ निम्म्याने कमी झाला, २००३ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. कॉलऱ्याचा जंतू पाण्यातल्या बारीक जीवांना चिकटलेला असतो, ते फडक्यात अडकतात. विषाणूला मात्र साडी काही करत नाही.

ओंकार (डी-१०३): फडक्याचा फिल्टरलाही फायदा. टाक्यातलं शेवाळ, पाला सरळ पिशवीत भरला तर दुसऱ्याच दिवशी धार करंगळीएवढी होते.

शिंदे काकू (बी-४०४): माझी जुनी नारायणपेठ देते, पण परत द्या.

डॉ. मीनल (बी-२०२): साधं सुती धोतर बरं, काकू.
तर माझं मत सांगते. फडकं, मग ओंकारचा फिल्टर, मग क्लोरीनची गोळी. गोळी विषाणू मारते. तिच्याने क्रिप्टोस्पोरिडियम मरत नाही, पण तो फिल्टरमध्ये आधीच अडकलेला असतो. एकाचं उणं दुसरा भरून काढतो. शिवाय लेप्टोचा जंतू इतका बारीक आणि नागमोडी की ०.२ मायक्रॉनच्या गाळणीतूनही जातो, त्यालाही गोळी लागू पडते. आणि पाणी आधी गाळलेलं असलं की गोळीचा जोर कचऱ्यात वाया जात नाही.

प्रथमेश (ए-६०२): मग फिल्टर कशाला, नुसती गोळी टाकू.

डॉ. मीनल (बी-२०२): हिरव्या, गढूळ पाण्यात नुसती गोळी भरवशाची नाही. आणि चव बघ एकदा.

ऋतुजा (सी-५०४): चवीचं काय करायचं? मागे एकदा गोळ्या टाकल्या तर कोणी पाणीच पीत नव्हतं, आणि मग डोकी दुखली.

डॉ. मीनल (बी-२०२): गोळी टाकून अर्धा तास पूर्ण झाल्यावर लिंबू पिळ किंवा सरबताची पावडर टाक. क जीवनसत्त्व क्लोरीनला निष्प्रभ करतं, वास जातो. आधी टाकलंस तर गोळीच फुकट जाईल. पहाटेच्या बर्फासारख्या पाण्यात अर्ध्याऐवजी एक तास थांबा. आणि गोळी किती लिटरची आहे ते पाकिटावर बघा. हंड्यासाठीची, २० लिटरची गोळी मिळते, ती एका बाटलीत टाकू नका. आयोडीनच्या गोळ्या आणू नका, ग्रुपमध्ये दोघींना थायरॉइड आहे.

नेने काका (ए-३०१): एवढं सगळं करून खत-औषधांचं काय? पाचनईच्या आसपास भातशेती आहे.

ओंकार (डी-१०३): काका, हा प्रश्न बरोबर आहे. आपला स्क्वीझ पोकळ तंतूंचा फिल्टर आहे, तो विरघळलेलं काहीच काढत नाही. ग्रेलमधला कोळसा थोडंफार काढतो. म्हणून पाणी शेताच्या खालच्या ओहोळातून भरायचंच नाही. गावात विहीर किंवा हातपंप, गडावर पिण्यासाठी राखलेलं टाकं.

जाधव आजोबा (ए-१०२): आणि केदारेश्वराच्या गुहेतलं नको. तिथे माणसं कमरेएवढ्या पाण्यात उतरून पिंडीला प्रदक्षिणा घालतात.

ऋतुजा (सी-५०४): पुष्करणीचंही नको. ओंकार, एक फिल्टर आठ जणांना पुरेल?

ओंकार (डी-१०३): दोन घेऊ. एक बंद पडला तर दुसरा. एकाला मोठी पिशवी लावून झाडाला टांगायचा, खाली बाटली. मुक्कामावर तंबू लावेपर्यंत आपोआप गळत राहतं, कोणाला दाबत बसायला नको. सोबत येणारी सिरिंज विसरायची नाही, रोज रात्री उलट्या बाजूने स्वच्छ पाणी मारायचं. पिशव्या फाटतात, तर थंड पेयाची रिकामी बाटली जवळ ठेवा, तिच्या आट्यांना स्क्वीझ बसतो. पाण्याच्या सगळ्याच बाटल्यांना बसत नाही, घरीच लावून बघा.

ऋतुजा (सी-५०४): कच्च्या पाण्याच्या बाटल्यांना लाल चिकटपट्टी लावते. त्या बाटलीला तोंड लावणाऱ्याने पुढची सगळी भांडी घासायची.

प्रथमेश (ए-६०२): मान्य. फेब्रुवारीत हिमाचलला हेच फिल्टर नेले तर चालतील का?

ओंकार (डी-१०३): एकदा ओला झालेला फिल्टर गोठला की आतले तंतू तडकतात, आणि बाहेरून काहीच कळत नाही. पाणी येत राहतं, फक्त गाळलेलं नसतं. नेणार असशील तर रात्री प्लास्टिकच्या पिशवीत घालून स्लीपिंग बॅगमध्ये घे. जरा शंका आली तर टाकून दे. परत आल्यावर आपल्या टँकरच्या जड पाण्याने धुऊन तसाच ठेवू नका, क्षार धरतो. धरलाच तर व्हिनेगरमध्ये बुडवा.

नेने काका (ए-३०१): टँकरचं पाणी ६८० आहे. आज सकाळीच मोजलं.

ऋतुजा (सी-५०४): ठरलं. दोन स्क्वीझ, गोळ्यांची दोन पाकिटं, मीनल ताई गोळ्या बघून घेतील. वर्गणी माझ्याकडे शनिवारपर्यंत. धोतर कोण देतंय?

जाधव आजोबा (ए-१०२): माझं न्या. धुतलेलं आहे, चौपदरी करून वापरा. आणि टाक्यात बाटली बुडवू नका, दोरी लावून छोटं भांडं सोडा. मागून येणाऱ्यालाही तेच प्यायचंय.

पाटील (सेक्रेटरी): पार्सल गेटवर आलं तर वॉचमनला नाव लिहून घ्यायला सांगा. मागच्या वेळी कोणाचा तंबू कोणाच्या घरी गेला होता. आणि माझंही नाव धरा, नऊ जण करा.

ऋतुजा (सी-५०४): धरलं. मग गोळ्यांची तीन पाकिटं.