‘जनुकीय टायपिंग’ला गावात काय म्हणायचं? ठसा, कुळी की वाण

घाटंजीकर
पावसाळ्याआधी आमच्या आशाताईंचं प्रशिक्षण आहे. पटकीची (कॉलऱ्याची) साथ आली तर ती कुठून आली हे कसं शोधतात, ते मला मराठीतून सांगायचंय. हाती आलेल्या मजकुरात ‘जिवाणूंचे आनुवंशिक प्रकारनिर्धारण’ असे शब्द आहेत. मागच्या वर्षी मी तेच वाचून दाखवलं. एका ताईनं विचारलं, “म्हंजे पटकी बापापासून पोराले होते का मॅडम?” तिचं काही चुकलं नव्हतं. आपल्याकडे ‘आनुवंशिक’ म्हटलं की सिकलसेलच आठवतो. ‘टायपिंग’ तसंच ठेवलं तर टंकलेखन वाटतं. रुग्णातला जंतू आणि विहिरीतला जंतू एकच आहे का, हे ओळखण्याला चांगला शब्द सुचवा.

दर्यापूरकर
‘जनुकीय ठसा’ घ्या. अंगठ्याचा ठसा सगळ्यांना माहीत आहे. ठसे जुळले की कळलं.
आणि एक विनंती. वर्तमानपत्रांसारखं ‘पटकीची नवी प्रजाती’ म्हणू नका. प्रजाती एकच आहे, फरक तिच्या पोटातला आहे.

वर्ध्याची लॅबवाली
चित्र म्हणून ‘ठसा’ खरंच शोभतो. जंतूचा डीएनए ठरावीक जागी विकरानं (एन्झाइमनं) कापतात, तुकडे जेलमध्ये ठेवतात आणि दिशा बदलत राहणाऱ्या विजेनं ओढतात. लहान तुकडे पुढे जातात, मोठे मागे राहतात, पट्ट्यांची नक्षी तयार होते. दोन जंतूंच्या नक्ष्या शेजारी ठेवून ताडून बघायच्या. आता पूर्ण जनुकसंचच, म्हणजे जंतूचा सगळा डीएनए, अक्षर-अक्षर वाचता येतो. पटकीच्या जंतूची साधारण ४० लाख अक्षरं आहेत, दोन गुणसूत्रांवर.

तरी ‘ठसा’ला माझा विरोध आहे. माणसाचा ठसा त्याचा एकट्याचा असतो. जंतू एकाचे दोन, दोनाचे चार होतात आणि सगळे जवळपास सारखेच. १९६१ मध्ये इंडोनेशियातून सातवी जागतिक साथ निघाली, ती एल टॉर प्रकाराची होती. आज जगभर दिसते ती मुख्यतः त्याच जंतूची लेकरं. त्यामुळे दोन गावांचे अहवाल ‘ओ-१, ओगावा’ (पटकीच्या जंतूचा एक ढोबळ प्रकार) आले म्हणून एकानं दुसऱ्याला रोग दिला असं म्हणता येत नाही. ‘ठसा जुळला’ ऐकलं की लोकांना चोर सापडल्यासारखं वाटतं.

राळेगावकर
मग वाण म्हणा ना ताई. माह्या वावरात अन् शेजाऱ्याच्या वावरात कापसाचं एकच वाण असलं म्हणून त्यानं बियाणं माह्याच घरून नेलं, असं कोणी म्हणत नाही. तालुकाभर तेच पाकीट विकलं गेलं असंन. पण माह्या वावरात एक वाण अन् त्याच्या वावरात भलतंच, तर त्यानं माह्याकडून नेलं नाही, हे पक्कं.

वर्ध्याची लॅबवाली
दादा, हे मी विद्यार्थ्यांना समजावताना नेहमी अडखळते आणि तुम्ही दोन ओळींत सांगितलंत. या तपासणीचं सगळ्यात भक्कम उत्तर ‘नाही’ हेच असतं. ‘होय’ म्हणायला बाकीचा पुरावा लागतो.

दर्यापूरकर
‘वाण’ ढोबळ वर्गासाठी ठीक. पण पूर्ण जनुकसंच ताडला की कोण कोणापासून निघालं हेही कळतं. तिथे ‘कुळी’ किंवा ‘भावकी’ का नको? ‘हे दोन्ही जंतू एकाच भावकीतले’ म्हटलं की गावात लगेच समजेल.

घाटंजीकर
समजेल, म्हणूनच नको. मी नोकरीत नवी असताना एका गावात हगवण-ओकारी सुरू झाली. दोन दिवसांत गावानं ठरवून टाकलं की सोयाबीन सोंगायला आलेल्या बाहेरच्या मजुरांनी रोग आणला. त्यांच्या बायांना हापशीवर येऊ देईनात. नंतर नालीतून गेलेला गावाच्याच नळाचा पाइप फुटलेला सापडला. तोवर ती कुटुंबं निघून गेली होती, एका बाईचं तान्हं लेकरू आजारी असताना. ‘भावकी’, ‘कुळी’ हे माणसांचे शब्द आहेत. ते जंतूला लावले तरी बोट माणसाकडे जातं. वाणाला कुठे कुठे ‘जात’ही म्हणतात, तो शब्द तर रोगाशेजारी मी उच्चारणारच नाही.

दर्यापूरकर
पटलं. ‘भावकी’ मागे घेतो.

जुना कोशवाचक
रोगाच्याच नावाबद्दल थोडं. पटकी, वाखा, मरी, महामारी ही नावं जुन्या मराठीत आहेत, आणि ‘मोडशी’ही. आज मोडशी म्हणजे अपचन, पण पूर्वी याच रोगालाही तो शब्द होता. सोळाव्या शतकात गोव्याच्या किनाऱ्यावर पोर्तुगीजांनी तो ऐकला आणि ‘मोर्देशी’ केला. फ्रेंचांच्या तोंडी त्याचं ‘मोर द शियँ’, म्हणजे कुत्र्याचं मरण झालं. एकेक अक्षर बदलत शब्द कुठल्या कुठे गेला, पण मधली रूपं शेजारी मांडली की वाट दिसते. लॅबवाल्या ताई अक्षरं ताडून जंतूची वाट शोधतात, ती मला अशीच वाटते.

वर्ध्याची लॅबवाली
अगदी तशीच. हैतीचं उदाहरण घ्या. तिथे साधारण शंभर वर्षं पटकी नव्हती. २०१० च्या ऑक्टोबरात आर्तिबोनित नदीकाठी अचानक माणसं मरू लागली. वरच्या अंगाला, मिरबाले गावाजवळ, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचा तळ होता, आणि सैनिक नेपाळहून नुकतेच आले होते. रेनो पियारू या फ्रेंच साथरोगतज्ज्ञानं गावोगाव फिरून पहिले रुग्ण कुठले हे शोधलं, आणि वाट त्या तळाखालच्या ओढ्याशी पोचली. २०११ मध्ये नेपाळच्या २४ जंतूंचे जनुकसंच हैतीच्या जंतूंशी ताडले. त्यातल्या काहींत आणि हैतीच्या जंतूंत एकदोन अक्षरांचाच फरक निघाला. संयुक्त राष्ट्रांनी २०१६ मध्ये हैतीची माफी मागितली. इथे दोन वेगळी कामं आहेत. पायी केलेलं काम म्हणजे ‘माग काढणं’, आणि प्रयोगशाळेतलं ‘वाण ताडणं’. शब्दही दोन ठेवा.

आणि आशाताईंना हे नक्की सांगा. साथ लागली की जलसुरक्षक आधी विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकतो आणि मग नमुना घेतला जातो. त्यात जिवंत जंतू सापडायची आशाच मावळते, आणि जंतू वाढवता आला नाही तर ही ताडणी करायची कशाची? निर्जंतुक बाटलीत पाणी भरायला पाच मिनिटं लागतात. आधी ते भरावं, लगेच टीसीएल टाकावं. रुग्णाचा शौचाचा नमुनाही अँटिबायोटिकच्या आधी घ्यावा आणि कॅरी-ब्लेअर माध्यमात (वाटेत जंतू जिवंत ठेवणाऱ्या द्रव्यात) पाठवावा. सलाइन आणि ओआरएस मात्र नमुन्यासाठी क्षणभरही थांबवायचं नाही.

घाटंजीकर
ठरलं. फळ्यावर ‘माग’ आणि ‘वाण’ हे दोनच शब्द लिहिणार. सांगायचं वाक्य असं केलंय: “रुग्णातल्या अन् विहिरीतल्या जंतूचं वाण जुळलं, तर त्या विहिरीवर संशय वाढतो, वाण जुळलं नाही, तर दुसरीकडं माग काढायचा.” राळेगावकर दादा, तुमचं पाकीटही सांगणार.

आता एक अडलंय. २०२२ च्या जुलैत चिखलदरा तालुक्यात पाचडोंगरी आणि कोयलारीला पटकी आली होती. तिकडच्या कितीतरी घरांत कोरकू बोलतात, आणि तिकडच्या दोन ताई यंदा प्रशिक्षणाला येणार आहेत. धारणी-चिखलदऱ्याकडचं कुणी इथे असेल तर विचारते, बियाण्याच्या वाणाला कोरकूत काय म्हणतात?