किल्ल्यातली सफा मशीद: कोण कोण आत जाऊन आलंय?

बेळगावात पाहुणे आले की आपला ठरलेला फेरा असतो. किल्ल्याच्या दारात दुर्गादेवीला नमस्कार, कमल बस्ती या जुन्या जैन मंदिरात दगडी कमळाखाली माना वर करून फोटो, मग कुंदा घेऊन घरी. सफा मशीद राहूनच जाते. आदिलशाहीतला सरदार असदखान लारी याने ती १५१९ साली बांधली. वर कमानी नि घुमट, आत मात्र जुन्या देवळांच्या घडणीचे कोरीव खांब. माझी शाळा किल्ल्यापासून सायकलवर दहा मिनिटं, तरी पहिल्यांदा आत गेलो ते चाळिशीत! तुमचं काय? लिहा.

निपाणीकर
सहावीची सहल. सरांनी बसमधूनच बोट दाखवलं, "ती मशीद." झालं.

टिळकवाडीचा
बाबांना घेऊन गेलो होतो. सोबत त्यांचे बँकेतले जुने मित्र, गोकाकचे, आम्ही अण्णाच म्हणतो. मशिदीतल्या दोन खांबांवर लेख आहेत. एक इथल्या रट्ट राजांच्या काळातला, ११९९ चा. दुसरा १२६१ चा, देवगिरीच्या यादव कृष्णाच्या नावाचा. गंमत अशी, की भाषा कन्नड आणि लिपी नागरी!

बाबा चष्मा कपाळावर सरकवून खांबाला नाक लावून उभे. "हा 'र' असावा. हा 'य'... का 'प'?" ते एकेक अक्षर सांगणार आणि अण्णा कानडी शब्द जुळवणार. अण्णा म्हणाले, "हळेगन्नड आहे ओ हे, जुनं कानडी, आमच्या मास्तरांना पण आलं नसतं." अर्धा तास गेला, एक वाक्य लागलं नाही. हे दोघे १९८६ साली भाषेच्या आंदोलनावरून सहा महिने एकमेकांशी बोलत नव्हते, आणि इथे एकाच खांबाला दोन बाजूंनी चिकटलेले. मी फोटो काढला तर दोघेही ओरडले, "उजेड अडवू नको की!"

खडेबाजारची नात
दादांचं बोट धरून ईदला जायचे. मोठ्यांचं बोलणं संपेपर्यंत मी खांबाच्या नक्षीत करंगळी घालून बसायची. एका खाचेत ती पेरापर्यंत बरोब्बर बसायची. परवा मुलीला घेऊन गेले. माझं बोट आता जात नाही, तिचं गेलं. खांब देवळाचे हे कळलं कॉलेजात, वर्गातल्या एकाने टोमणा मारला तेव्हा. घरी येऊन दादांना विचारलं, तर म्हणाले, "हौ, मालूम है. हात नीट धुऊन लावत जा."

शहापूरची सून
खोटं कशाला बोलू, मला आत थोडं वाईट वाटलं. ते मूळ देऊळ कसं असेल, तिथे कोण पूजा करत असेल, हेच डोक्यात. पण वाईट वाटूनही पाय निघेना. कमल बस्ती १२०४ ची, तीही रट्टांच्याच काळातली. ती आधी बघून गेलात तर मशिदीतले खांब ओळखीचे वाटतील. उलट क्रमाने जाऊ नका.

अथणीहून
आम्हाला विजापूर जवळ. तिथे अर्ककिल्ल्यात, म्हणजे बालेकिल्ल्यात, करीमुद्दीनची मशीद आहे, १३२० ची. तीही देवळाच्या खांबांवरच उभी, पण तिथे कमानी-घुमटांचा थाट नाही, सगळं सपाट. दोन्ही बघितल्यावर मधल्या दोनशे वर्षांत गवंडी काय काय शिकले ते कळतं. गोलघुमटापुढे हिच्याकडे कोण बघतोय म्हणा.

टिळकवाडीचा
@शहापूरची सून, क्रम पटला. नवीन जाणाऱ्यांनी शुक्रवार दुपार नि नमाजाच्या वेळा टाळा. किल्ला लष्कराच्या हद्दीत आहे, ओळखपत्र खिशात असू दे. आणि बॅटरी न्या, आत उजेड तिरपा येतो. बाबांनी पुढच्या खेपेसाठी भिंग घेतलंय. अण्णांनी जुना शब्दकोश काढलाय, पण त्याची 'र' ची पानं वाळवीनं खाल्लीत.