विंडोजच्या अपडेटला दोन-तीन तास लागतात: दोष इंटरनेटचा की संगणकाचा?

देवगडचा बागायतदार यांचा प्रश्न:

नमस्कार. आमच्या घरी २०१९ साली घेतलेला लॅपटॉप आहे. त्यात विंडोज ११, ४ जीबी रॅम आणि १ टीबीची हार्ड डिस्क आहे. हंगामात आंब्याच्या पेट्यांच्या ऑर्डरी, पावत्या आणि गाडीभाड्याचा हिशेब याच लॅपटॉपवर होतो. एरवी त्यावर मुलीचा अभ्यास चालतो. दर महिन्याला अपडेट आले की दोन तास, कधी तीन तास लॅपटॉप कामाचा राहत नाही. डाउनलोड संपल्यावरही टक्केवारीचा आकडा अर्धा-अर्धा तास हलत नाही आणि रीस्टार्टनंतर काळ्या पडद्यावर तोच प्रकार पुन्हा होतो. गेल्या एप्रिलमध्ये वाशीला जाणारी गाडी दारात उभी होती, तेव्हा नेमके हे सुरू झाले आणि सगळ्या पावत्या हाताने लिहाव्या लागल्या.

आमचे इंटरनेट मोबाईलच्या हॉटस्पॉटवर चालते. फायबरची जोडणी घेतल्यास हा त्रास संपेल का? एका परिचिताने अपडेट कायमचे बंद करण्याचा सल्ला दिला आहे. तो मानावा का?

रत्नागिरीहून उत्तर:

नमस्कार. फायबरवर पैसे खर्च करण्याआधी एक पाहणी करावी, असे मी आग्रहाने सांगेन. पुढच्या वेळी अपडेट सुरू असताना टास्क मॅनेजर (संगणकाचा कोणता भाग किती राबतो आहे हे दाखवणारी विंडोजची खिडकी) उघडा आणि परफॉर्मन्स या भागात डिस्क आणि नेटवर्क यांचे आलेख पाहा. नेटवर्क शून्याजवळ आणि डिस्क १०० टक्के दिसत असेल, तर तुमच्या विलंबाचा इंटरनेटशी संबंध नाही.

याचे कारण अपडेटच्या घडणीत आहे. डाउनलोड हा त्याचा केवळ पहिला टप्पा असतो. त्यानंतर आलेला संच उलगडला जातो, सध्याच्या हजारो लहानलहान फाइली तपासल्या जातात, नव्या फाइली लिहिल्या जातात आणि अपडेट नीट बसले नाही तर मागे येता यावे म्हणून जुन्या आवृत्त्याही जपल्या जातात. चालू विंडोजच्या वापरात असलेल्या फाइली मध्येच बदलता येत नाहीत, म्हणून उरलेले काम रीस्टार्टच्या वेळी होते. लॅपटॉपमधील हार्ड डिस्क बहुधा मिनिटाला ५४०० फेऱ्यांची असते, म्हणजे सेकंदाला ९०. इकडेतिकडे विखुरलेली प्रत्येक फाइल वाचताना तिचा काटा नव्या जागी न्यावा लागतो आणि तबकडीचा तो भाग फिरून काट्याखाली येईपर्यंत थांबावे लागते. त्यामुळे अशी वाचने सेकंदाला साधारण शंभराच्या आतच होतात. एसएसडीमध्ये, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कमध्ये, फिरणारा भागच नसल्याने तीच संख्या हजारोंच्या घरात जाते. टक्केवारीचा आकडा हलत नसला, तरी डिस्क त्या वेळी बहुधा पूर्ण वेगाने राबत असते.

त्यात तुमची रॅम ४ जीबी आहे. विंडोज ११ साठी ही किमान अट आहे, सोयीचे प्रमाण नव्हे. रॅम अपुरी पडली की विंडोज डिस्कचाच एक भाग तात्पुरत्या स्मृतीसारखा वापरते आणि आधीच दमलेल्या डिस्कवर आणखी भार पडतो.

अपडेट कायमचे बंद करण्याचा सल्ला मात्र कृपया मानू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रामने जगभरातील संगणकांतील फाइली कुलूपबंद केल्या. त्याने ज्या त्रुटीतून शिरकाव केला, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, १४ मार्चलाच दिली होती. ज्यांनी ती बसवली होती, त्यांच्या यंत्रांत त्या वाटेने शिरणे शक्य नव्हते. तुमच्या लॅपटॉपवर गिऱ्हाइकांचे पत्ते आणि बँकेचे व्यवहार आहेत, त्यामुळे हा धोका तुमच्यापुरता मर्यादित नाही.

मालवणहून उत्तर:

मी घरगुती निवासव्यवस्था चालवते. वेळ कशी साधावी याबद्दल माझा अनुभव सांगते. मुख्य मासिक अपडेट अमेरिकेत महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी प्रसिद्ध होते, म्हणजे आपल्याकडे त्याच रात्री साडेदहा किंवा साडेअकराला. म्हणून त्यानंतरच्या गुरुवारी किंवा शुक्रवारी पाहुणे कमी असतील ती रात्र ठरवून मी स्वतःच अपडेट सुरू करते. सेटिंग्जमध्ये अपडेट पाच आठवड्यांपर्यंत थांबवण्याची सोय आहे. हंगामातल्या गर्दीच्या आठवड्यांसाठी ती वापरावी. अॅक्टिव्ह अवर्समध्ये कामाचे तास नोंदवले, तर त्या वेळात संगणक आपणहून रीस्टार्ट होत नाही. हॉटस्पॉटची जोडणी मीटर्ड, म्हणजे मोजक्या डेटाची, म्हणून नोंदवल्यास बहुतेक अपडेट विचारल्याशिवाय उतरत नाहीत आणि दिवसाचा डेटा वाचतो. मात्र मग ती आठवणीने उतरवून घ्यायची जबाबदारी आपल्यावर येते.

आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो, म्हणून लॅपटॉपची बॅटरी किती वेळ टिकते हे आधी तपासून घ्या. ती दहा मिनिटांत मान टाकत असेल, तर इन्व्हर्टरच्या सॉकेटला जोडूनच अपडेट करा. काम अर्धवट तुटले तर विंडोज झालेले बदल मागे घेण्याचा प्रयत्न करते, पण त्यातही पुन्हा तितकाच वेळ जातो आणि क्वचित यंत्र सुरूच होत नाही.

देवगडचा बागायतदार यांचा प्रतिसाद:

आपण दोघांनीही इतके सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. काल रात्री सांगितल्याप्रमाणे पाहिले. डाउनलोड पंचवीस मिनिटांत संपले. त्यानंतर नेटवर्क शून्य आणि डिस्क सतत १०० टक्के होती. म्हणजे फायबर घेतले असते, तर त्या पंचवीस मिनिटांतलीच थोडी बचत झाली असती. आता एसएसडी बसवायची ठरवतो आहे, पण सहा हंगामांचे हिशेब त्या डिस्कवर आहेत आणि ते गमावण्याची भीती वाटते.

चिपळूणहून उत्तर:

ही भीती रास्त आहे, म्हणून आधी प्रत आणि मग पेचकस, हा क्रम मोडू नका. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या घरातला संगणक आणि त्याच्या शेजारच्या कपाटातली बॅकअपची डिस्क, दोन्ही एकाच पाण्यात गेली. तेव्हापासून एक प्रत मी बहिणीकडे डोंगराच्या बाजूला ठेवतो. तुम्हीही हिशेबाची एक प्रत घराबाहेर ठेवा.

रत्नागिरीहून पुन्हा:

चिपळूणच्या मित्रांचे म्हणणे शब्दशः पाळा. प्रत काढून झाली की क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रामने जुन्या डिस्कची प्रकृती पाहा. तिथे 'गुड' ऐवजी दुसरा शेरा दिसला, तर डिस्क खराब होत आली आहे आणि तिचे क्लोनिंग, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, करण्यापेक्षा नव्या एसएसडीवर विंडोज मुळापासून बसवणे सुरक्षित. शेरा 'गुड' असेल, तर क्लोनिंग करून सगळे आहे तसे हलवता येते. विकत घेताना तुमच्या लॅपटॉपला अडीच इंची साटा एसएसडी (जुन्या हार्ड डिस्कच्या जागी बसणारी) लागते की एनव्हीएमई (लहान पट्टीसारखी, वेगळ्या खाचेत बसणारी) बसते, हे मागचे झाकण उघडून किंवा मॉडेलची माहिती वाचून आधीच ठरवा. झाकण उघडलेच आहे, तर रॅमची खाच रिकामी आहे का तेही पाहा आणि असल्यास ८ जीबीपर्यंत वाढवा. पंखाही स्वच्छ करून घ्या. खाऱ्या दमट हवेत त्यावर धुळीचा चिकट थर बसतो, यंत्र तापते आणि प्रोसेसर आपला वेग उतरवतो.

खरेदीच्या वेळी लॅपटॉपसोबत आलेला आणि मुदत संपलेला अँटिव्हायरस अजून असेल, तर तोही काढा. अपडेटची प्रत्येक फाइल तपासत बसणारा आणखी एक पहारेकरी कमी होईल. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर त्याची जागा घेतो. आणि नव्या डिस्कवर निदान २० जीबी जागा कायम मोकळी राहू द्या.

देवगडचा बागायतदार यांचा प्रतिसाद:

तीन आठवड्यांनी कळवतो आहे. हिशेबाच्या दोन प्रती काढल्या; त्यातली एक भावाकडे कणकवलीला ठेवली आहे. जुन्या डिस्कवर 'कॉशन' असा शेरा आला, म्हणून विंडोज नव्याने बसवले. ५१२ जीबीची एसएसडी आणि ८ जीबी रॅम घातल्यानंतर या महिन्याचे अपडेट त्याच हॉटस्पॉटवर उतरायला तितकीच, पंचवीस मिनिटे लागली. त्यापुढचे सगळे काम, रीस्टार्ट धरून, चौदा मिनिटांत संपले.