मदत हवी आहे: मायट्रल व्हॉल्व्ह बदलल्यावर टूडी इकोत ग्रेडियंट वाढलंय, टीईई (घशातून नळी घालून करायचा इको) करावाच लागेल का?

नमस्कार मंडळी,

लहानपणी रुमॅटिक ताप येऊन गेल्यामुळे आईच्या हृदयाची मायट्रल झडप आकसली होती. गेल्या वर्षी दिवाळीनंतर पुण्यात ती बदलून दोन पाकळ्यांची मेकॅनिकल झडप बसवली. तब्येत छान सुधारली होती, घरचं सगळं करून शेतावरही चक्कर मारायची. हल्ली मात्र जिना चढताना दम लागतो, म्हणून इथे बार्शीत टूडी इको केला.

ऑपरेशननंतरच्या पहिल्या इकोत मीन ग्रेडियंट, म्हणजे झडपेच्या दोन बाजूंच्या दाबातला सरासरी फरक, ४ होतं, शेजारी ठोके ७२ असं लिहिलेलं आहे. आताच्या रिपोर्टात ग्रेडियंट ९ आणि ठोक्यांची जागा कोरी. खाली एकच ओळ: 'पाकळ्यांची हालचाल स्पष्ट दिसत नाही, टीईई करावा.' तपासणीच्या वेळी मी तिथेच उभा होतो. पडद्यावर झडप लख्ख पांढरी दिसत होती आणि तिच्या मागचा भाग काळा ठिक्कर.

मी वाचलं त्यावरून असं समजलो की मशीन दाब मोजतच नाही. ते रक्ताचा वेग मोजतं आणि वेगाच्या वर्गाला ४ ने गुणून दाबातला फरक काढतं. म्हणजे वेग सेकंदाला १.५ मीटर असेल तर ९, आणि २ मीटर झाला की थेट १६. वेग थोडासा वाढला तरी आकडा एवढा उडी मारतो, मग घाबरावं तरी किती?

आईचं हिमोग्लोबिन ९ आहे आणि टेबलावर झोपवली तेव्हा तिची छाती धडधडत होती. नुसत्या तेवढ्याने ४ चे ९ होऊ शकतात का? घशातून नळी घालायची म्हटल्यावर ती फार घाबरली आहे. भाऊ म्हणतो त्यापेक्षा एमआरआय करू, त्यात रक्ताचा प्रवाह दिसतो. पण धातू आत असताना ते चालतं का? जाणकारांनी कृपया लवकर सांगावं.

प्रतिसाद

दादा, मी इको विभागात काम करते. ठोके वाढले की झडपेतून रक्त जायला वेळ कमी मिळतो आणि ग्रेडियंट वाढतं. हिमोग्लोबिन कमी असलं तरी वाढतं. त्यामुळे ठोके लिहिल्याशिवाय ९ या आकड्याची ४ शी तुलनाच होत नाही. रिपोर्टात प्रेशर हाफ टाइम, म्हणजे झडपेवरचा दाबातला फरक निम्म्यावर यायला लागणारा वेळ, आहे का बघा. तो १३० मिलिसेकंदांच्या आत असेल तर झडप अडकलेली असण्याची शक्यता कमी, २०० च्या वर गेला तर काळजी. आईला एएफ असेल, म्हणजे ठोके अनियमित पडत असतील, तर निदान ५ ठोक्यांची सरासरी घ्यावी लागते.

तुम्ही पाहिलात तो काळा भाग म्हणजे झडपेची सावली. छातीवरून बघताना डावं एट्रियम, म्हणजे हृदयाचा वरचा डावा कप्पा, त्या सावलीत जातं, म्हणून गळती आणि गुठळी दोन्ही लपतात. टीईईत प्रोब अन्ननलिकेतून नेमका मागच्या बाजूने बघतो. घशात सुन्न करणारा स्प्रे मारतात, गुंगीचं औषधही देतात. पाकळ्या पूर्ण उघडतात का एवढंच बघायचं असेल तर सिने फ्लुरोस्कोपी, म्हणजे एक्स-रेचं हलतं चित्र, काही मिनिटांत होते, नळी लागत नाही. आजच्या बहुतेक झडपा एमआरआयमध्ये चालतात, व्हॉल्व्हचं कार्ड सोबत न्या. पण झडपेच्या आसपासचंच चित्र बिघडतं, म्हणून अशा वेळी तो पहिला पर्याय नाही.

या सगळ्याआधी सांगा, आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे हे दाखवणारा तपासणीतला आकडा, किती आहे?

धागाकर्ता

ताई, आयएनआर १.८ आहे. प्रेशर हाफ टाइम लिहिलेलाच नाही.

प्रतिसाद

मायट्रलच्या मेकॅनिकल झडपेला साधारण २.५ ते ३.५ लागतो. आयएनआर कमी, ग्रेडियंट वाढलेलं आणि नवीन दम, हे तिन्ही एकत्र असताना गुठळीची शंका आधी दूर करावी लागते. उद्यावर ढकलू नका, आजच ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना फोन करून आईला घेऊन जा. दोन्ही इकोच्या सीडी मागून घ्या, नुसते कागद पुरत नाहीत. रस्त्यात बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं किंवा झोपून श्वास घेता येईना, तर वाटेतल्या मोठ्या दवाखान्यातच थांबा.

धागाकर्ता

फोन झाला, आत्ताच या म्हणाले. गाडी सांगितली आहे. आईला काही खायला देऊ का?

प्रतिसाद

टीईईआधी निदान ६ तास पोट रिकामं लागतं, तेव्हा आता काही देऊ नका. शेवटचं कधी खाल्लं ते लिहून ठेवा. रक्त पातळ करायच्या गोळीचा डोस तिथल्या डॉक्टरांना विचारूनच.