धनुष्कोडीचं जुनं स्टेशन आणि बोटीचा धक्का: बाबांना घेऊन जायचंय, कोणी नीट फिरलंय का?

घोरपडीकर
नमस्कार मंडळी. बाबा 72 वर्षांचे आहेत, रेल्वेत सिग्नल खात्यात होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. लहानपणी पुणे-मिरज मीटरगेज (एक मीटर रुंदीचे रूळ) होती तेव्हा त्याच गाडीने आजोळी जायचे, त्यामुळे मीटरगेज म्हटलं की अजून डोळे चमकतात. आमच्या घरात पणजोबांच्या काशी-रामेश्वर यात्रेची गोष्ट नेहमी सांगतात की ते आगगाडीने थेट धनुष्कोडीपर्यंत, म्हणजे रामेश्वरमच्या पुढे बेटाच्या टोकाकडे, गेले, सेतूवर स्नान केलं आणि तिथली वाळू काशीला न्यायला बांधून घेतली, आणि तिथेच गाडीच्या शेजारी सिलोनला (आताच्या श्रीलंकेला) जाणारी बोट उभी होती ती बघून चाट पडले. बाबांना ती जागा बघायचीये. देऊळ, बावीस कुंडं वगैरे होईलच, पण मला स्टेशनचं विचारायचंय. काय शिल्लक आहे? बोटीचा धक्का दिसतो का? ते गाव उद्ध्वस्त करणारं वादळ 1964 साली 22-23 डिसेंबरच्या रात्री झालं होतं म्हणून 23 डिसेंबरलाच तिथे असावं असं बाबांच्या मनात आहे, ते बरोबर होईल का?

कर्वेरोडची
आम्ही गेल्या वर्षी फेब्रुवारीत गेलो होतो. पहिलं म्हणजे डिसेंबर नको. तिकडचा पाऊस आपल्यासारखा जूनचा नाही, ऑक्टोबर ते डिसेंबर असतो, वादळंही तेव्हाच येतात, ज्येष्ठ माणूस बरोबर असताना कशाला. जानेवारीच्या मध्यानंतर जा, वारा तेव्हाही असतो पण आकाश मोकळं असतं.

2017 मध्ये डांबरी रस्ता अरिचल मुनईपर्यंत म्हणजे अगदी टोकापर्यंत झालाय, आधी वाळूतून गचके खात जीपने जावं लागायचं ते आता नाही. पण त्याचा एक तोटा असा की सगळे गाड्या सुसाट टोकाला नेतात, फोटो काढतात आणि परत, आणि जुनं गाव वाटेत आहे तिथे पाच मिनिटं थांबतात. तुम्ही उलटं करा. गावातच वेळ घालवा. चर्चची भिंत जवळून बघा, ती प्रवाळाच्या दगडाची आहे, हात फिरवला की बारीक बारीक भोकं आणि फुलासारख्या नक्षीचे ठसे बोटांना लागतात, म्हणजे समुद्रातूनच काढून बांधलेली भिंत शेवटी समुद्रानेच फोडली. माझ्या मुलीने अर्धा तास तिथून हलायचं नाव घेतलं नाही. आणि संध्याकाळी पोलीस सगळ्यांना परत पाठवतात, सूर्यास्ताच्या भरवशावर राहू नका. टोकाला पाण्यात उतरायचं नाही, ओढ भयंकर आहे.

रूळवेडा
घोरपडीकर, तुमच्या बाबांसाठी जरा सविस्तर लिहितो कारण असं विचारणारं कोणी भेटत नाही.

धक्का म्हणून बोट दाखवता येईल असं आता जवळपास काही नाही, ते आधीच सांगतो नाहीतर तिथे जाऊन मन खट्टू होईल. स्टेशनच्या भिंती आहेत, रेल्वेच्या पाण्याच्या टाकीचे अवशेष आहेत, पोस्टाच्या इमारतीचे आहेत. पण कसं चालायचं ते माहीत असेल तर स्टेशन डोळ्यासमोर उभं राहतं. 1914 मध्ये पांबनचा पूल सुरू झाला आणि मद्रासहून निघालेली गाडी समुद्र ओलांडून बेटावर यायला लागली. त्याआधी कोलंबोला जायचं तर तुतिकोरिनहून लांबचा समुद्रप्रवास होता. नवीन मार्गाने गाडी धनुष्कोडीला धक्क्याशीच लागायची, सामान उतरवून समोरच्या स्टीमरमध्ये, साधारण 35 किलोमीटर पाणी ओलांडलं की श्रीलंकेतलं तलैमन्नार, आणि तिथे पुढची गाडी कोलंबोसाठी उभी. एग्मोर (मद्रासचं स्टेशन) ते कोलंबो एकच तिकीट! म्हणून त्या गाडीला बोट मेल म्हणायचे आणि एग्मोरहून रामेश्वरमला जाणाऱ्या गाडीला जुने लोक अजूनही तेच म्हणतात. पुण्याहून चेन्नई आणि मग ती रात्रीची गाडी असं केलंत तर बाबांना त्याच वाटेने गेल्यासारखं होईल.

आपल्याकडेही हे होतं बरं का, मुंबईला बॅलार्ड पियरचं मोल स्टेशन, विलायतेची बोट लागली की तिथूनच फ्रंटियर मेल सुटायची. ते आता गोदीच्या आत गेलंय, बघायला मिळत नाही. धनुष्कोडीला निदान पायाखाली ती वाळू तरी आहे.

धक्का बघायचाच असेल तर पलीकडे. तलैमन्नारला जुन्या धक्क्याचा सांगाडा समुद्रात आहे आणि तिथली रेल्वे 2015 मध्ये परत सुरू झाली. आपल्या बाजूला मात्र रूळ रामेश्वरमलाच संपतात, 2019 मध्ये धनुष्कोडी लाइनची पायाभरणी झाली पण पुढे काम झालं नाही.

घोरपडीकर
रूळवेडा दादा, कर्वेरोड ताई, मनापासून आभार. सगळं बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. जानेवारी त्यांना पटलं. मग त्यांनी 653 पॅसेंजरचं विचारलं, वादळाच्या रात्री पांबनहून आलेली ती गाडी, स्टेशन जवळ आलं तेव्हा सिग्नल मिळाला नव्हता म्हणतात, ड्रायव्हर थांबला, वाट बघितली, मग शिटी देऊन निघाला आणि लाटेने अख्खी गाडी नेली, शंभराच्यावर माणसं. बाबा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, सिग्नल नाही म्हणजे वायर तुटली असेल, दिवा विझला असेल, केबिनमधला माणूसच राहिला नसेल, गाडीत बसलेल्याला यातलं काही कळत नाही, त्याला फक्त अंधार दिसतो, त्या ड्रायव्हरला कोणी नावं ठेवू नयेत. त्यांना आता स्टेशनपेक्षा ती जागा बघायचीये जिथे गाडी थांबली असेल. स्टेशनच्या भिंतीपासून रामेश्वरमच्या बाजूला चालत जाता येतं का?

रूळवेडा
काकांना नमस्कार सांगा. चालता येतं, पण बहुतेक वाळू आहे, पाय रुततात, काठी असू दे आणि सकाळी ऊन चढायच्या आत. नेमकी जागा कुठे खूण करून ठेवलेली नाहीये. तिथे राहणाऱ्या कोळी लोकांना विचारा, वस्ती राहण्यालायक नाही असं सरकारने ठरवलं तरी काही कुटुंबं तिथेच आहेत. पिण्याचं पाणी ते वाळूत हाताने खड्डा खणून काढतात, दोन्हीकडे समुद्र आणि मध्ये गोडं पाणी. तहान लागली तर देतील, पैसे देऊ नका, त्यांच्या दुकानातून मासळी किंवा शिंपल्याचं काही घ्या. आणि येताना पांबनला थांबा. वादळात त्या पुलाची जवळजवळ सगळी गर्डर वाहून गेली होती, रेल्वेचे इंजिनिअर ई. श्रीधरन यांनी 46 दिवसांत पूल उभा केला. 2025 पासून गाड्या शेजारच्या नवीन पुलावरून जातात.

कर्वेरोडची
एक राहिलं, रिक्षावाल्याशी आधीच बोलून घ्या की जुन्या गावात दोन तास थांबायचंय, नाहीतर तो पंधरा मिनिटांत हॉर्न मारायला लागतो. आणि काकांना टोपी, पाण्याच्या दोन बाटल्या. सावली फक्त चर्चच्या भिंतीची आहे.