गाबाच्या वाटेत बूच
‘उंदराचं कुठलंही औषध रक्त पातळ करतं’ असं काहीजण म्हणतात, ते अर्धंच खरं. आमच्या नेरूळच्या सोसायटीत मीटरच्या खोलीत ठेवतात त्या ब्रोमाडायोलोनच्या निळ्या वड्या तशा असतात. रक्त गोठायला लागणारं व्हिटॅमिन के अडवतात, उंदीर काही दिवसांनी मरतो (आणि नेमका डक्टमध्ये!). चीनमध्ये बंदी असलेलं टेट्रामाइन हे उंदराचं विष मात्र थेट मेंदूवर जातं. तिथे गाबा हे शांत करणारं रसायन असतं, आणि ते पेशीवर जिथे चिकटतं तो गाबा रिसेप्टर म्हणजे ब्रेक. गाबा चिकटला की क्लोराइडची वाट उघडते, पेशी शांत होते. टेट्रामाइन त्या वाटेतच बूच मारून बसतं. मग गाबा असून नसल्यासारखा, आणि एकामागून एक झटके. त्यावर खास उतारा नाही, डॉक्टर झटके आवरत राहतात.