चाळीच्या जुन्या दारांवर त्याच घरांतल्या माणसांची चित्रं काढायची आहेत. दारावरच्या खुणा न पुसता रंग कसा धरवू?

उंबरठा_कळवा

नमस्कार. ठाण्यात खारकर आळीच्या मागे आमची दुमजली चाळ होती, चौदा खोल्यांची. मार्चमध्ये पाडली. माझं लहानपण तिथलं. लग्नानंतर मी कळव्याला आले, पण आई शेवटपर्यंत तिथेच राहिली. पाडकाम घेणारा माणूस लाकूड स्वतःकडेच ठेवतो, त्याचा हिशोबच त्यावर असतो. तुळया आणि दारं टेम्पोत चढायला लागली तेव्हा मी त्याच्याशी घासाघीस करून सात खोल्यांच्या दारांची एकेक झडप विकत घेतली, ९०० रुपयांना एक. सगळी सागवानी, दोन माणसांना उचलायला जड. सध्या त्या आमच्या सोसायटीच्या जिन्याखाली चादरी गुंडाळून उभ्या आहेत आणि पावसाळ्याआधी तिथून हलवायच्या आहेत.

मी बारा वर्षं व्यक्तिचित्रं करते आहे, तैलरंगात, कॅनव्हासवर. आता ज्या खोलीचं दार, त्याच खोलीतल्या माणसाचं चित्र त्या दारावर काढायचं आहे.

अडचण अशी, की या झडपा कोऱ्या नाहीत. तीन नंबरच्या काकूंच्या दारावर कडीच्या थोडं खाली एक जागा घासून गुळगुळीत झाली आहे. वरचा चॉकलेटी रंग तिथे उडाला आहे, त्याच्या आत निळा दिसतो, निळ्याच्या आत हिरवा आणि अगदी मध्यावर लाकूड. इतकी वर्षं तळहाताने दार ढकलून ढकलून झालेली ती जागा आहे. पाच नंबरच्या दाराच्या आतल्या बाजूला मुलांच्या उंचीच्या रेघा आहेत, काही पेन्सिलीच्या, काही बॉलपेनच्या, प्रत्येकीपुढे तारीख. आमच्या दारावर बाबांच्या नावाची पाटी होती. ती कोणी काढून नेली ठाऊक नाही, पण तिच्यामागचा रंग उन्हापासून वाचल्यामुळे तिथे एक गडद चौकोन उरला आहे.

जिथे विचारलं तिथे एकच उत्तर मिळालं: सगळा रंग लाकडापर्यंत खरवडा, लांबी (पुट्टी) भरा, जेसोचे म्हणजे चित्राखालच्या पांढऱ्या अस्तराचे दोन हात द्या आणि मग चित्र काढा. तसं केलं तर ती झडप कुठलीही फळी होऊन बसेल, मग मी दारं कशाला आणली?

तर जुन्या ऑइल पेंटवर थेट तैलरंग धरेल का? रेघा वाचवता येतील का? पावसात लाकूड फुगलं तर चेहऱ्याला तडे जातील का? शिवाय दोन पत्रे आहेत. एक आईची तुळस ज्यात होती तो तेलाचा १५ किलोचा डबा, कापून सपाट केलेला. दुसरा मोरीवरचा गॅल्व्हनाइज्ड पत्रा. त्यांचं काय करू?

बोर्डवाला_तुर्भे

ताई, मी पस्तीस वर्षं बोर्ड रंगवले. मार्केटातले गाळे, ट्रकच्या पाठी, शाळांची नावं. फ्लेक्स आला आणि हाताचं काम गेलं, पण कुठला रंग कशावर बसतो हे अजून हातात आहे.

आधी पत्र्याचं सांगतो, कारण त्यात मी स्वतः मार खाल्लाय. गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर जस्ताचा थर असतो. त्यावर ऑइल पेंट थेट मारला की पहिल्या वर्षी आरशासारखा दिसतो. आत मात्र रंगातलं तेल आणि जस्त यांचा साबण तयार होत असतो. एका शाळेसाठी मी संस्थापकांचा चेहरा असाच पत्र्यावर काढला होता. दोन पावसाळे झाले आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत पापुद्रे सुटले, नखाने ओढला तर गाल हातात यायचा. तो चेहरा मी पैसे न घेता परत काढून दिला. म्हणून मोरीच्या पत्र्यावर तैलरंग नको. तो साबणाने धुवा, व्हिनेगरने पुसा, परत धुवा, वाळवा, त्यावर जस्तासाठी मिळतो तो खास प्रायमर लावा आणि चित्र अॅक्रिलिकमध्ये काढा. तेलाच्या डब्याचं वेगळं आहे. त्यावर जस्त नाही, कथिलाचा पातळ मुलामा असतो. तेलकटपणा पूर्ण काढा, बारीक पेपरने घासा, रेड ऑक्साइडचा एक हात द्या, मग तैलरंग खुशाल चालवा.

आता दारं. जुना ऑइल पेंट लाकडाला घट्ट असेल तर तेच तुमचं अस्तर, फोडू नका. घट्ट आहे का ते असं बघा: कोपऱ्यात ब्लेडने फुलीसारखे बारीक काप द्या, त्यावर चिकटपट्टी दाबून लावा आणि झटक्यात ओढा. पट्टीबरोबर रंग आला तर तेवढा भाग सुटलेला आहे. नाही आला तर काळजी सोडा.

घट्ट असला तरी तुळतुळीत रंगावर दुसरा रंग पकड घेत नाही. धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने पुसून घ्या. स्वयंपाकघराच्या दारावर तर फोडणीचा थर असतोच. साध्या पाण्याने दोनदा पुसा, दोन दिवस वाळू द्या. मग ३२० नंबरचा वॉटर पेपर ओला करून हलक्या हाताने चकाकी मारा. रंग काढायचा नाही, फक्त चमक घालवायची. पहिला हात टर्पेंटाइन जास्त आणि तेल कमी असा पातळ, वरचे हात तेलकट. हे उलटं झालं की तडे ठरलेले.

आणि ओलंच घासा, हे कळकळीने सांगतो. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आली ती १ नोव्हेंबर २०१७ पासून. तुमची दारं त्याच्या कितीतरी आधीची. जुन्या हिरव्या-पिवळ्यात तर शिसं हमखास असायचं. कोरडं घासलंत तर ती धूळ नाकात जाईल आणि घरात लहान मूल असेल तर त्याच्या तोंडात. हीटगनने रंग जाळून काढायचा विचारही करू नका. जिन्यात नको, गच्चीवर घासा. मास्क साधा कापडी नको, एन९५. खाली प्लास्टिक अंथरा आणि गाळ कागदात गोळा करून बांधून टाका. आम्ही हे काही केलं नाही. कोणी सांगितलंच नव्हतं.

चित्रकला_बाई_ऐरोली

काकांनी जमीन भक्कम करून दिली आहे. मी चेहऱ्याबद्दल बोलते.

तुमच्या प्रश्नातले "निळ्याच्या आत हिरवा" हे शब्द वाचून मी थांबले. इटलीतले जुने चित्रकार लाकडी फळीवर चेहरा काढताना आधी हिरव्या मातीचा थर देत आणि त्यावर गुलाबी, गव्हाळ छटा पातळ चढवत. खालचा हिरवा सावलीत डोकावतो आणि त्वचेला जिवंतपणा येतो. काही चित्रांत वरचा गुलाबी काळाच्या ओघात विरला, म्हणून त्यातले चेहरे आज हिरवट दिसतात. तुमच्या चाळीने तो हिरवा हात आधीच देऊन ठेवला आहे! चेहरा येणार तेवढ्याच भागात, अर्थात ओलं घासून, चॉकलेटी आणि निळा उतरवा आणि हिरव्यावर थांबा. सावळ्या वर्णाला तर तो फारच शोभेल. बाकी दार आहे तसं राहू द्या.

तड्यांचं म्हणाल तर आधी दाराची रचना बघा. चौकटीच्या खाचेत दिलहा, म्हणजे दाराची मधली फळी, सैल बसवलेला असतो, पावसात फुगायला आणि उन्हात आकसायला जागा मिळावी म्हणून. ती फट लांबीने बुजवू नका. बुजवलीत तर लाकूड स्वतःची वाट करून घेईल आणि तडा नेमका तिथेच जाईल. चेहरा एकाच दिलह्यात बसवा, फटीची रेघ डोळ्यातून किंवा ओठातून जाता कामा नये. साडी, हात, पाय फटीवरून गेले तरी चालतं. मागच्या बाजूचा रंगही खरवडू नका. दोन्ही बाजूंना सारखा रंग असला की दमटपणा सारखाच शिरतो आणि झडप वाकत नाही.

रोमन काळातल्या इजिप्तमध्ये, इसवी सनाच्या पहिल्या ते तिसऱ्या शतकात, मृताचा चेहरा पातळ फळीवर मेणाच्या रंगात काढून ममीवर बसवत. फायूमची म्हणून ओळखली जाणारी अशी सुमारे ९०० चित्रं आज उपलब्ध आहेत. ती टिकली कोरड्या वाळूमुळे. आपल्याकडे खाडी, चार महिने पाऊस आणि वाळवी. म्हणून चित्र झाल्यावरही झडप भिंतीला चिकटवून टांगू नका, मागे बोटभर हवा खेळू द्या.

पेन्सिलीच्या रेघांवर चपडा (शुद्ध केलेली लाख) स्पिरिटमध्ये पातळ विरघळवून कुंचल्याने अलगद टेकवला तर त्या पक्क्या होतील. बॉलपेनच्या रेघांवर मात्र स्पिरिट लावू नका, शाई क्षणात पसरेल. तिथे काहीच न लावणं उत्तम, रंगवतानाही तेवढी जागा सोडा.

दारं संपल्यावर लाकूड लागलं तर उरणच्या बाजूला गोदामांतून पॅलेट, म्हणजे माल रचायच्या लाकडी चौकटी, मिळतात. त्यावर गव्हाच्या ओंबीचा शिक्का असतो. त्याखाली एचटी लिहिलं असेल तर लाकूड फक्त उष्णता देऊन किडीपासून मुक्त केलेलं असतं, ते घ्या. एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली असते, ते सोडून द्या. माझी मुलं शाळेत एचटीवरच काम करतात.

गडकरी_कट्टा

मला वेगळं वाटतं आणि ते मनापासून सांगतो. तुम्ही ज्या तीन खुणा सांगितल्या त्या वाचूनच मला ती माणसं दिसली. घासलेली जागा, उंचीच्या रेघा, पाटीचा चौकोन. चित्र आधीच झालेलं आहे. त्यावर चेहरा आला की बघणारा चेहराच बघणार, खुणेकडे कोण बघतं?

दुसरं, त्या माणसांना विचारलंत का? दार तुम्ही विकत घेतलंत हे खरं, पण चेहरा त्यांचा आहे.

उंबरठा_कळवा

तिघांचे मनापासून आभार. लगेच उत्तर दिलं नाही कारण आधी करून बघायचं होतं. आता सहा आठवडे झाले.

गडकरी_कट्टा, तुमचा दुसरा प्रश्न मला लागला, कारण मी विचारलं नव्हतं. मग एकेकाचा पत्ता काढत गेले. कोणी कोपरीला, कोणी दिव्याला, एक कुटुंब घणसोलीला मुलाकडे. सातपैकी पाच जण हो म्हणाले. अकरा नंबरच्या आजोबांना चित्र नको होतं. पाच नंबरच्या आजींनी विचारलं, "चित्र कशाला? दार दे ना मला." मुलांच्या उंचीच्या रेघा त्याच दारावर होत्या. मी ते फडक्याने पुसून, काहीही न लावता, टेम्पोने घणसोलीला पोचवलं. आता ते त्यांच्या बाल्कनीत उभं आहे आणि नातवाची रेघ त्याच दारावर काढली आहे. त्या दारापुरतं तुमचं म्हणणं पूर्ण खरं होतं. बाकीच्यांपुरतं मला अजून पटत नाही. चाळीतल्या बायकांचे आमच्याकडे फोटो जवळजवळ नाहीतच. लग्नातल्या घोळक्यात, मागच्या रांगेत, अर्ध्या झाकलेल्या, तेवढेच. त्यांच्यासाठी कोणीतरी समोर बसून तासन्‌तास त्यांच्याकडे बघावं, हे मला करायचंच आहे.

बोर्डवाले काका, चिकटपट्टीची परीक्षा सातही झडपांवर केली. दोन दारांचा खालचा हातभर भाग सुटला, पावसाचं पाणी तिथेच उडायचं. तेवढाच काढला. बाकी रंग दगडासारखा आहे. घासायचं सगळं काम गच्चीवर ओलं केलं, एन९५ लावून. मोरीचा पत्रा बाजूला ठेवलाय. तुळशीच्या डब्यावर रेड ऑक्साइड चढलाय. त्यावर आईला काढणार आहे, पण ते सगळ्यात शेवटी.

बाई, तुमचा हिरवा! तीन नंबरच्या काकूंच्या झडपेचा वरचा दिलहा हळूहळू घासत हिरव्यापर्यंत उतरले. त्यावर पिवळी माती, थोडा सिंदुरी आणि पांढरा पातळ फिरवला. गालाखाली आणि मानेच्या वळणावर रंगच लावला नाही, दाराचा हिरवाच सावली झाला. बारा वर्षांत माझ्या हातून असा चेहरा उतरला नव्हता. खाली साडी फटीवरून गेली आहे. उजवा हात मी असा काढला होता, की तळवा थेट त्या गुळगुळीत जागेवर टेकतो. जागेला रंगाचा थेंबही लावला नव्हता.

परवा काकू बघायला आल्या. चौऱ्याऐंशी वर्षांच्या, दोन जिने थांबत थांबत चढल्या. चेहऱ्याकडे थोडा वेळ बघितलं, काही बोलल्या नाहीत. मग हाताकडे बोट करून म्हणाल्या, "अगं, हाताने कुठे ढकलायचे मी? खालच्या नळावरून पाणी आणायचे तर दोन्ही हात भरलेले असायचे. कोपराने ढकलायचे." आणि त्या झडपेजवळ जाऊन उभ्या राहिल्या, कोपर वाकवलं. ते बरोबर त्या जागेवर बसलं. त्या आता वाकल्या आहेत म्हणून जरा टाचा उचलाव्या लागल्या.

चाळीत मी वीस वर्षं राहिले, त्या दारातून रोज गेले, आणि ती जागा तळहाताची नाही हे मला माहीत नव्हतं.

काल तो हात पूर्ण खरवडून काढला. आता दोन्ही हातांत पाणी येईल आणि कोपर दाराला. कळशी पितळेची होती एवढं मला आठवतं. दुसऱ्या हातात बादली होती की हंडा, ते विचारायला संध्याकाळी फोन करते.